इनास सरांचा मुलाखतीचा वर्ग

इनास सरांनी माझी पहिली ओळख करून घेतली ती माझ्या डोक्यावरून एक बशी भिरकावून. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसून, "मी दडपणाखालीही शांतपणे काम करू शकते," हे घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हणत होते. ते संपायच्या आत सरांनी टेबलावरची चिनी मातीची बशी उचलली आणि माझ्यामागच्या भिंतीवर फेकली. खाली पिठाची गिरणी चालू होती, तरी त्या घरघरीवर फुटल्याचा आवाज ऐकू आला. मी किंचाळले आणि थेट जिन्याकडे धावले. मागे वळून बघते तर सर खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते.

"शांतपणे काम करतंस ना गो? मगे धावतंस खंय?"

मला रडू आलं होतं आणि रागही. मी परत आले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दात-ओठ खात तुकडे गोळा करायला लागले. सर बघत राहिले. सगळा चुरा पुठ्ठ्यावर भरून झाल्यावर म्हणाले, "हां. आता कागदार लिव, फुटलेला आवरूक येता. ह्या खरा आसा. आदी म्हटलंस ता खरा नव्हता."

त्यांचा वर्ग कट्टा गावच्या बाजारात, गिरणीच्या माडीवर भरायचा. आसपासच्या गावांतली आम्ही मुलं-मुली तिथे जायचो. कुणाला हॉटेलात लागायचं होतं, कुणाला परदेशी जाणाऱ्या बोटीवर, कुणाला बँकेत. बारावी-पदवी करून बसलेले, अर्ज धाडून उत्तराची वाट बघणारे. सरांनी उमेदीची सगळी वर्षं गोव्यात एका मोठ्या हॉटेलात काढलेली. आधी भटारखान्यात, आणि शेवटी नवीन माणसं निवडायच्या टेबलावर. देह दारासारखा रुंद, मान आखूड, आणि उजव्या मुठीची हाडं वेडीवाकडी जुळलेली. त्या मुठीकडे बघत आम्ही उत्तरं द्यायचो.

आमचे अर्ज ते मोठ्याने वाचायचे आणि आमच्यासमोर टराटरा फाडायचे. "मेहनती? बैल पण मेहनती आसता. तेका कोण रिसेप्शनार बसयता?" एकीने लिहिलं होतं, सर्वांशी जुळवून घेते. "कोणाबरोबर घेतलंस? भांडाण झाला काय नाय? नाय झाला तर ती जत्रा, काम न्हय." आणि अखेरीस ठरलेलं वाक्य यायचं, "सांगू नको, दाखय."

दाखवायचं म्हणजे काय, ते मला सत्यवानच्या वेळी कळलं. सत्यवान किनाऱ्यावरच्या वाडीतला, वडिलांबरोबर मासेमारीला जाणारा. बोटीवर नोकरीसाठी त्याने अर्ज लिहिला होता, त्यात 'नेतृत्वगुण' असा एक शब्द होता आणि पुढे काहीच नव्हतं. सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि गदागदा हलवलं. "खंय आसा तो गुण? काड भायर!" सत्यवान घाबरून काहीबाही सांगायला लागला. सांगता सांगता म्हणाला, एकदा जाळं सोडताना दोरखंडाचा फास त्याच्या काकाच्या पायात अडकला. जाळं खाली ओढत होतं, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि काका अर्धा पाण्यात गेला. सगळे नुसते ओरडत होते. याने सुरा घेऊन दोर कापला, जाळं घालवलं, बापाच्या शिव्या खाल्ल्या, आणि काकाच्या पायाला वल्ह्याचा तुकडा बांधून बोट बंदराला आणली.

सरांनी त्याचा दंड सोडला. "मेल्या, ह्या कित्या लिवलंस नाय?"

"ता काय काम न्हय सर. ता रोजचाच."

"रोजचा आसा म्हणानच ता काम." सरांनी नवीन कागद त्याच्यापुढे ढकलला. "लिव. काय झाला, तू काय केलंस, मगे काय झाला. एकय मोठो शब्द घालू नको."

त्या वेळेपासून आम्ही सगळे आपापलं आयुष्य नव्याने आठवायला लागलो. पण सत्यवान सरळ सुटला नाही. कुडाळला एका मुलाखतीत समोरच्या माणसाने त्याच्या बोलण्याची नक्कल केली, त्याच्या मालवणी 'माका'ला हसला. सत्यवानने टेबलावरून हात घालून त्याची कॉलर धरली. हे तो आम्हाला फुशारकीने सांगत होता, आणि आम्हीही हसत होतो. सर हसले नाहीत. त्यांनी आपली वाकडी मूठ टेबलावर ठेवली.

"ही बगा," म्हणाले, "हिणा माजी नोकरी खाल्ल्यान."

मग ती हकीकत कळली. गोव्याच्या त्या हॉटेलात भटारखान्याचा मुख्य होता, तापट. नव्या आचाऱ्याच्या हातून रस्सा करपला म्हणून त्याने त्याचा तळवा तापल्या तव्यावर दाबून धरला. सर माणसं निवडायला वरच्या मजल्यावर बसलेले. ओरडणं ऐकून खाली आले. त्यांनी त्या मुख्याला ओढून बाजूला केलं आणि मारायला सुरुवात केली. जबडा मोडला, दात पडले, तरी थांबले नाहीत. शेवटी लोकांनी त्यांनाच खाली पाडून धरलं.

"पयलो फटको त्या आचाऱ्यासाठी होतो," सर म्हणाले. "तेच्याबद्दल माका काय वाटणां नाय. पण मगेचे सगळे माज्यासाठी होते. माका बरा वाटत होता म्हणान मारीत होतंय. त्या बरा वाटण्यान माजा सगळा गेला." त्यानंतर जिथे जिथे ते मुलाखतीला गेले, तिथे आधीची नोकरी का सोडलीत हा प्रश्न आला. त्यांनी खोटं सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी ते उघडं पडलं. दुसऱ्यांना निवडणाऱ्या माणसाला कोणी निवडेना. मग गावी येऊन विधवा बहिणीच्या, कार्मेलबायच्या, घरी राहिले आणि हा वर्ग काढला.

माझ्या घरातली गोष्ट तोपर्यंत मी कुणाला सांगितली नव्हती. बाबा गेल्यापासून घर महेशदादावर होतं. तो चिऱ्याच्या खाणीवर जेसीबी चालवायचा. खाण बंद पडली. त्यानेही चार ठिकाणी विचारून पाहिलं, कुणी दारात उभं केलं नाही, आणि मग तो घरी बसून प्यायला लागला. मी हॉटेलातल्या नोकरीसाठी वर्गाला जाते हे कळल्यावर आधी टोमणे झाले, मग थपडा. एक दिवस त्याने माझे केस धरले आणि मला पडवीच्या खांबावर आपटलं. आई मध्ये पडली, तर तिलाही त्याने ढकलून दिलं. तिचं मनगट मुरगळलं.

कपाळावर टेंगूळ घेऊन मी वर्गाला गेले. सरांनी ते सगळ्यांसमोर विचारलं नाही. बाकीचे जिना उतरल्यावर म्हणाले, "कोण?"

"दादा."

ते उठून जिन्याच्या कठड्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिले. कठड्याची एक फळी कटकन मोडली आणि त्यांच्या हातात आली. ती बघत ते म्हणाले, "मी तुज्या घराक इलंय तर तेका जितो सोडूचंय नाय. म्हणान मी येवचंय नाय. तू चौकीत जा."

मी गेले नाही. घरातलं भांडण चौकीत नेतात का, असं आई म्हणायची आणि मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

पुढे किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमधून मला बोलावणं आलं. मुलाखत सोमवारी होती. शनिवारी दुपारी सर माझा सराव घेत होते. ते मॅनेजर झाले होते आणि मी समोरच्या खुर्चीत. सत्यवान आणि बाकीचे बाकांवर बसले होते. गिरणीच्या आवाजात जिन्यावरची पावलं ऐकू आली नाहीत. दादा एकदम दारातच दिसला. डोळे लाल, शर्टाची बटणं उघडी, आणि हातात आमच्या घरचा नारळ सोलायचा कोयता.

"खंय आसा ती? लोकांच्या खोल्ये झाडूक जातली? घराण्याचा नाव काढतली?"

सर उठून आमच्या मध्ये आले. "महेश, तो खाली ठेव."

"म्हाताऱ्या, बाजूक हो!"

तो माझ्या अंगावर धावला. कोयता मी वर गेलेला बघितला, खाली येताना नाही बघितला, कारण मध्ये सरांची पाठ आली. ओल्या लाकडावर घाव बसावा तसा आवाज झाला. भिंतीवर, टेबलावरच्या कागदांवर, माझ्या गालावर गरम रक्त उडालं. सरांनी डावा हात आडवा घातला होता आणि कोयता कोपराच्या खाली रुतला होता. त्यांनी उजव्या हाताने दादाचं मनगट धरलं आणि त्याला भिंतीवर असं दाबलं की कोयता सुटून खाली पडला. मग त्याच उजव्या हाताची मूठ वळली आणि मागे गेली.

दादा त्यांच्यापुढे काडीसारखा होता, त्यात प्यालेला. एक ठोसा पडला असता तर तो उठला नसता. आज खरं सांगायचं तर मला तो ठोसा पडावा असंच वाटत होतं. मूठ हवेतच राहिली. मग मूठ उघडली. त्यांनी दादाला छातीला ढकलून बाकावर बसवलं.

"बस थंय," म्हणाले, आणि स्वतः भिंतीला टेकून घसरत खाली बसले.

सत्यवान आणि आणखी दोघं दादावर तुटून पडले. मी ओरडले, "मारू नका, नुसतो धरून ठेवा!" पायाने कोयता कपाटाखाली सरकवला. ओढणी काढून सरांच्या दंडाला घट्ट आवळली, त्यात फळ्याचा लाकडी डस्टर घालून पिळली, आणि त्यांचा हात वर धरला. एका मुलीला गिरणी बंद करायला पाठवलं, कारण फोनवर काही ऐकू येत नव्हतं. रुग्णवाहिका कसालहून निघणार होती, तिला वेळ होता. म्हणून रस्त्यावर भाजीचा टेम्पो अडवला. ओरोसच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि चारी बाजूंना कोबीचे गड्डे गडगडत होते. सरांचे ओठ निळे पडत चालले होते.

"सुप्रिया, कितक्या वाजता बांधलंस, ता लक्षात ठेव. डॉक्टर इचारतलो."

"होय सर."

"आणि रडू नको. रडलंस तर हात सैल पडता."

हात वाचला. पण त्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

दादाला त्याच संध्याकाळी पोलिसांनी नेलं. दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात आली, बरोबर वाडीतली चार शहाणी माणसं. घरातलं घरात मिटवा, असं सगळे सांगू लागले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "भावाक तुरुंगात धाडतलंस? ह्याच्यासाठी तुका वाढयलंय?" मी सरांकडे बघितलं. वाटलं, तेच काहीतरी म्हणतील आणि माझी सुटका होईल.

"माजो हात कोणी कापल्यान, ता मी सांगितलंय," सर म्हणाले. "तुज्या कपाळाचा तू सांग, नाय तर नको सांगू. ह्यात मी बोलूचंय नाय."

मी चौकीत जाऊन सगळं सांगितलं. खांबाचं, आईच्या मनगटाचं, कोयत्याचं. जबाबावर सही करून बाहेर पडले तेव्हा मला परत जायला घर उरलं नव्हतं. कार्मेलबाय बाहेर रिक्षात बसून होती. "चल," म्हणाली. "रव माज्याकडे. फक्त इनासासारख्ये बशये फोडू नको." दोघीही हसलो, आणि मग रिक्षा हलेपर्यंत मी तिच्या खांद्यावर रडत राहिले.

सोमवारी तिचीच साडी नेसून मी मुलाखतीला गेले. समोर एक मॅनेजर होते आणि एक बाई. आमच्याकडे बातमी पसरायला वेळ लागत नाही. मॅनेजरनी माझा कागद बघितलाही नाही.

"तुमच्या क्लासमध्ये जे झालं ते आम्ही ऐकलंय. वाईट झालं. पण आमच्याकडे पाहुणे बायका-मुलं घेऊन येतात. उद्या तुमचा भाऊ इथे आला तर?"

हा प्रश्न सरांनी कधी घेतला नव्हता. "आला तर मी आधी पाहुण्यांना आत घेईन," मी म्हणाले, "मग दार लावीन, मग पोलिसांना फोन करीन. त्याच्याविरुद्ध जबाब मी दिला आहे. पुन्हा देईन."

"बोलायला सोपं असतं."

"त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत?" बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "क्रमाने सांगा."

मी सांगितलं. कोयता, ओढणी, डस्टर, गिरणी, टेम्पो. एकही मोठा शब्द घातला नाही. ओढणीपाशी थांबले, पाणी प्याले आणि पुढे सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी शांत होते असं म्हणणार नाही. मी खूप घाबरले होते. पण हात चालू होते."

बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मॅनेजर नाराजच दिसले, पण मला आधी तात्पुरतं म्हणून घेतलं. मी दवाखान्यात सरांना फोन केला तर म्हणाले, "बरा झाला. दारातून आत गेलंस. आता थंय टिकान दाखय." आणि फोन ठेवून दिला. कार्मेलबायने नंतर सांगितलं की फोन ठेवून ते उशीत तोंड खुपसून पडले होते आणि विचारायला गेल्यावर तिच्यावरच खेकसले.

पुढे मी रिसॉर्टवरच राहायला गेले. काही महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, मी ओले काजू घेऊन कार्मेलबायकडे निघाले आणि आधी गिरणीच्या माडीवर गेले. सरांच्या समोर, माझ्या त्या खुर्चीत, महेशदादा बसला होता. जामिनावर सुटलेला, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

मी बाकावरचा पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला आणि जीव खाऊन फेकला. तो दादाच्या कानावर बसला. कान फुटून रक्त मानेवर आलं. तो उठला नाही, हातही वर केला नाही.

"झाला?" सर म्हणाले. "आणखी मारूचा आसा तर मार. मगे भायर जावन इचार कर, खयचो कोणासाठी होतो."

"ह्याला तुम्ही शिकवता? तुमचा हात बघा!"

"हात माजो. तेचा माका बगूंदे. तेका माफ कर म्हणान मी सांगणंय नाय तुका. जन्मभर नको करू. पण तेका काम व्हया. काम नसलेलो माणूस घराक आग लावता, आणि त्या घरात तुजी आये आसा."

मी जिना उतरायला लागले. मधल्या पायरीवर पाय थांबले. गिरणी बंद होती, वरचं सगळं ऐकू येत होतं. सरांनी मॅनेजरचा आवाज काढला होता.

"तुमच्यावर केस आहे?"

"आसा."

"काय केलं होतंत?"

खुर्ची करकरली. मग दादा म्हणाला, "भैणीवर कोयतो मारलंय. मध्ये सर इले. तेंका लागलो."

"नंतर काय केलंत?"

"दारू सोडलंय."

"ता सांगू नको," सर आपल्या आवाजात म्हणाले. "ता दाखवक वर्सा लागतत. दुसरा काय येता तुका, ता सांग. जेसीबी येता, इंजिना येतत. तेच्यार बोल. कानाक फडका लाव आदी."

मी तिथून निघून आले. त्यांच्यावरचा माझा राग पुष्कळ दिवस गेला नाही. फोनवर मी तुटक बोलायचे, तेही तुटक बोलायचे. दादाला बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी वैभववाडीजवळ एका काजूच्या कारखान्यात बॉयलरवर काम मिळालं. तिथे त्याने पहिल्या प्रश्नालाच केसचं सांगून टाकलं होतं, असं कळलं.

सर गेले ते कट्ट्याच्या बसथांब्यावर. सकाळी मासळी घेऊन येत होते. दोन रिक्षावाले भाड्यावरून जुंपले होते, एकाने दुसऱ्याचं डोकं रिक्षाच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली होती, आणि लोक मोबाइल काढून उभे होते. सर पिशवी टाकून मध्ये घुसले. मिटत नसलेल्या बोटांच्या हाताने एकाला आणि उजव्या हाताने दुसऱ्याला असं दोन बाजूंना ढकललं. एक बुक्का त्यांच्याही तोंडावर बसला. "बसा थंय!" म्हणून ते गरजले आणि स्वतः थांब्याच्या बाकावर बसले. ओठातून रक्त येत होतं, ते पुसायला त्यांनी रुमाल काढला. तो चेहऱ्यापर्यंत गेला नाही. त्यांचं हृदय थांबलं होतं. ते दोघे रिक्षावाले दफनाला आले होते, एकाच्या डोक्याला पट्टी होती.

चर्चच्या मागच्या दफनभूमीत आमच्या वर्गातली बरीच मुलं जमली होती. सत्यवान बोटीवर होता, दूर कुठल्यातरी समुद्रात. त्याने फोन केला, पण त्याला बोलता येईना, म्हणून मी फोन नुसता शवपेटीजवळ धरून उभी राहिले. कार्मेलबायने शेवटची मूठभर माती टाकली आणि भावाला एक कचकचीत शिवी हासडली, आपल्याला टाकून गेला म्हणून. पाद्रींनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं.

महेशदादा सगळा वेळ दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी एकटा उभा होता. सगळे पांगल्यावर मी निघाले. बाहेर रस्त्याला लागायला एक पाणंद आहे, दोन गडग्यांच्या मधली, एका माणसापुरती. तिच्या तोंडाशी तो होता. कानावर तांब्याची खूण दिसत होती.

"आयेक बरा नाय," तो म्हणाला. "तुजी आठवण काढता. येतंस घराक?"

"आज नाय."

त्याने मान हलवली. मग तो गडग्याला पाठ लावून अंग चोरून उभा राहिला आणि मी पलीकडे रस्त्यावर पोचेपर्यंत तसाच उभा होता.